नोकरीच्या अर्जासोबतचे पत्र
(ग्रामीण भागातील उमेदवारांना मार्गदर्शन करणाऱ्यांसाठी भरलेल्या शिबिरातील भाषण)



आज मला बोलण्यासाठी जो विषय देण्यात आला आहे, तो वरकरणी अगदी किरकोळ वाटण्याजोगा आहे. नोकरीसाठी अर्ज करताना त्यासोबत जे एक पानी पत्र जोडावयाचे असते, ते कसे लिहावे? एवढ्यासाठी भाषण ते कशाला, असे आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल. माझ्याही मनात पूर्वी तसेच येत असे. ते मत का बदलले हे सांगावयाचे, तर माझ्या हातून घडलेली एक चूक आपणांसमोर मांडली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी एका ग्रामीण पतसंस्थेच्या निवड समितीवर मी काम करीत होतो. कनिष्ठ लिपिकाची एकच जागा होती आणि अर्ज आले होते दीडशेच्या वर. त्यांतून दहा-बारा जणांना मुलाखतीस बोलवावयाचे होते. एकेक अर्ज उघडावा, पत्रावरून नजर फिरवावी आणि तो एका किंवा दुसऱ्या गठ्ठ्यात ठेवावा, असे काम चालले होते. एका मुलीचे पत्र हाती आले. "वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करते की, माझ्या घरची परिस्थिती अत्यंत हलाखीची असून घरात कमावते कोणी नाही. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतिपूर्वक विचार होऊन मला सेवेची संधी मिळावी, ही नम्र विनंती." पत्राच्या विषयात पदाचे नाव 'शिपाई' असे पडले होते. झेरॉक्सच्या दुकानातील संगणकावर दुसऱ्या कोणाचे पत्र असावे, त्यातील नाव बदलले गेले आणि पद बदलावयाचे राहिले, हे उघड दिसत होते. जिला आपण कोणत्या जागेसाठी अर्ज करतो हेही ठाऊक नाही, ती हिशेब काय ठेवणार, असे म्हणून मी तो अर्ज दुसऱ्या गठ्ठ्यात टाकला.

पुढे वर्षभराने त्याच भागातील महिला बचतगटांच्या एका कार्यक्रमास जाण्याचा योग आला. तेथे एका गटाचे दप्तर मी सहज चाळले. सहा वर्षांची रोजकीर्द आणि खतावणी अशी स्वच्छ लिहिलेली होती की, एखाद्या मुरलेल्या लेखापालाने हेवा करावा. जेथे खाडाखोड होती तेथे खाली सही आणि तारीख होती. हे कोणी लिहिले असे विचारले, तेव्हा जी मुलगी पुढे आली तिचे नाव ऐकताच मला तो अर्ज आठवला. एका गटाचे नव्हे, तीन गटांचे हिशेब ती एकटी सांभाळीत होती. "मग हे अर्जात का लिहिले नाहीस?" असे मी विचारले. ती म्हणाली, "सर, ते काय नोकरीचं काम होतं का? ते तर आपलं गावातलंच होतं."

त्या जागेवर ज्याची निवड झाली तो मुलगाही चांगलाच होता. त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. परंतु संस्थेला जिची गरज होती, ती आमच्या हातात येऊन निसटली होती. दोष तिच्या पत्राचा, तसाच ते दहा सेकंदांत बाजूला ठेवणाऱ्या माझा. आणि तिसरा एक दोष होता, त्याकडे मी शेवटी येतो. कारण तो आपल्याशी, म्हणजे या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांशी संबंधित आहे.

आपल्याकडे अशी पत्रे याचनेच्या सुरात का लिहिली जातात, याचा थोडा विचार करावयास हवा. पत्राच्या मायन्याची आपली परंपरा फार जुनी आहे. कोणाला कोणत्या शब्दांनी संबोधावे याचे नियम सांगणारे मेस्तक यादवांचा प्रधान हेमाद्री याच्या नावावर सांगितले जाते. पुढे दरबारी व्यवहारात फारसी शब्द रुळले, त्यांतील 'अर्ज' आणि 'उमेदवार' हे दोन आपण आजही रोज वापरतो. 'उमेद' म्हणजे आशा, आणि आशा धरून दाराशी उभा राहणारा तो उमेदवार. पाणंद रस्त्यासाठी, विहिरीच्या अनुदानासाठी, दाखल्यासाठी आपण पिढ्यान्‌पिढ्या अर्ज लिहीत आलो. तेथे आपली अडचण सांगावी लागते, आणि अधिकाऱ्याने ती दूर करावी अशी विनंती करावी लागते. ते रास्तही आहे. नोकरीच्या पत्रात मात्र अडचण ज्याला कामासाठी माणूस हवा आहे त्याची असते. त्याची जागा रिकामी आहे, काम अडले आहे. ते काम आपण करू शकतो एवढे त्याला दाखवून द्यावयाचे असते. घरची गरिबी खरी असली तरी तिने त्याचे काम होत नाही. हे ऐकावयास कठोर वाटेल, परंतु दीडशे अर्जांपैकी शंभरांत तीच गरिबी त्याच शब्दांत लिहिलेली असते हेही लक्षात घ्यावे.

येथे कार्यालयीन मंडळींसाठी एक खुलासा. आपण दप्तरात ज्याला अग्रेषणपत्र म्हणतो, ते हे नव्हे. अग्रेषणपत्रात "सोबत अमुक अमुक सहपत्रे जोडली आहेत, पोच मिळावी" एवढे म्हटले की काम संपते. इंग्रजीत ज्याला कव्हर लेटर म्हणतात, ते पत्र स्वतःच बोलावयाचे असते. आपल्याकडील कित्येक सुशिक्षित उमेदवारही "सोबत माझा परिचय जोडला आहे, कृपया पाहावा" एवढे लिहून मोकळे होतात. परिचयपत्रात जन्मतारखेपासून टक्केवारीपर्यंत सारे असते. त्यातील कोणती गोष्ट या जागेच्या उपयोगाची आहे, हे शोधण्याचे काम वाचणाऱ्यावर सोडून दिलेले असते, आणि वाचणाऱ्याला तेवढा वेळ नसतो.

हे पत्र सगळीकडे लागतेच असे नाही. लोकसेवा आयोगाच्या किंवा जिल्हा परिषदेच्या भरतीत विहित नमुन्यातील ऑनलाइन अर्ज आणि परीक्षेतील गुण यांवर निवड होते. शिक्षक भरतीसाठी २०१७ पासून 'पवित्र' ही संगणकप्रणाली आली. अशा ठिकाणी कितीही सुंदर पत्र लिहिले तरी ते कोणी वाचणार नाही, आणि मागितले नसताना जोडूही नये. परंतु पतसंस्था, दूध संघ, सूतगिरणी, खासगी रुग्णालय, स्वयंसेवी संस्था, विनाअनुदानित शाळा, औद्योगिक वसाहतीतील लहानमोठे कारखाने, मुंबई-पुण्यातील खासगी कार्यालये या ठिकाणी आजही कोणीतरी एक माणूस अर्ज वाचतो आणि कोणाला बोलवावयाचे ते ठरवतो. पूर्वीची सेवायोजन कार्यालये आज कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रे म्हणून ओळखली जातात. त्यांच्या मेळाव्यांतही नाव नोंदविल्यानंतर अखेर उमेदवाराची गाठ अशाच एका माणसाशी पडते.

पत्रात काय असावे याचे नियम सांगण्यापेक्षा मी आपणांस दोन पत्रांची हकिकत सांगतो. दोन्ही एकाच माणसाने, सुमारे अकरा महिन्यांच्या अंतराने लिहिली. तो माणूस म्हणजे थोर गणिती श्रीनिवास रामानुजन.

पहिले पत्र ९ फेब्रुवारी १९१२ चे. मद्रास पोर्ट ट्रस्टच्या मुख्य लेखापालांना लिहिलेले. तेव्हा रामानुजन चोवीस वर्षांचे होते, विवाह झालेला होता, आणि पोटापाण्याची सोय नव्हती. मॅट्रिकनंतरच्या एफ.ए. परीक्षेत ते उत्तीर्ण होऊ शकले नव्हते. गणितावाचून दुसऱ्या विषयाकडे त्यांचे लक्ष लागत नसे. हे पत्र जेमतेम चार-पाच वाक्यांचे आहे. आपल्या कार्यालयात लिपिकाची एक जागा रिकामी असल्याचे समजले, त्यासाठी अर्ज करतो. मॅट्रिक उत्तीर्ण आहे, एफ.ए. पर्यंत शिकलो, प्रतिकूल परिस्थितीमुळे पुढील शिक्षण होऊ शकले नाही, तेव्हापासून सर्व वेळ गणिताच्या अभ्यासात घालविला आहे, नेमणूक झाल्यास कामास न्याय देऊ शकेन याची खात्री आहे, एवढाच मजकूर. शेवटी त्या काळच्या रिवाजाप्रमाणे विनंतीचे शब्द आहेत. परंतु उपासमारीचे वर्णन नाही, आणि उपासमार तर खरीच होती. शिक्षण अर्धवट राहिल्याची गोष्ट त्यांनी लपविली नाही आणि तिच्यावर रडतही बसले नाहीत. एका उपवाक्यात ती सांगितली, आणि लगेच त्यानंतरच्या काळात काय केले ते सांगितले. ज्या मुलामुलींच्या शिक्षणात दोन-तीन वर्षांचा खंड पडला आहे, त्यांना मी हे उदाहरण नेहमी देतो. १ मार्च १९१२ रोजी रामानुजन दरमहा ३० रुपयांवर कामावर रुजू झाले. केवळ पत्रामुळे जागा मिळाली असे म्हणणे बरोबर होणार नाही. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजातील गणिताचे प्राध्यापक मिडलमास्ट यांचे शिफारसपत्रही त्यांच्यापाशी होते. पण त्या पत्राने वाट अडविली नाही, हेही काही थोडे नाही.

दुसरे पत्र १६ जानेवारी १९१३ चे, केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेले. ते नोकरीचा अर्ज नव्हते. परंतु अनोळखी माणसाने अनोळखी माणसाला आपली योग्यता कशी पटवून द्यावी, याचा त्याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. मी पोर्ट ट्रस्टच्या हिशेब खात्यात वार्षिक २० पौंड पगारावर लिपिक आहे, मला विद्यापीठीय शिक्षण मिळालेले नाही, स्वतंत्रपणे गणिताचे काम करीत आहे, असा साधा परिचय दिला. त्यानंतर हार्डींनी स्वतःच्या पुस्तिकेत ज्या प्रश्नाचे निश्चित उत्तर अद्याप मिळालेले नाही असे म्हटले होते, त्या प्रश्नाकडे वळून, त्यावर मला काही सापडले आहे असे लिहिले. म्हणजे, मी आपले लेखन वाचले आहे आणि नेमके आपणांसच का लिहीत आहे, हे सुरुवातीलाच स्पष्ट झाले. सोबत कित्येक पाने भरून स्वतःची सूत्रे जोडली. हार्डींनी ती आपले सहकारी लिटलवूड यांच्यासह तपासली, ८ फेब्रुवारीस उत्तर लिहिले आणि सिद्धता मागितल्या. १९१४ मध्ये रामानुजन इंग्लंडला गेले. १९१८ मध्ये रॉयल सोसायटीचे फेलो झाले. गंमत अशी की, अविभाज्य संख्यांविषयीचा जो दावा त्यांनी त्या पत्रात आवर्जून केला होता, तो पुढे सदोष ठरला. पण दावा तपासता येण्याजोगा होता, म्हणूनच त्यातील चूक सापडली आणि बाकीच्या कामाचे मोलही कळले. "मी अत्यंत बुद्धिमान व कष्टाळू आहे" असे लिहिले असते, तर तपासण्यासारखे त्यात काहीच नव्हते.

रामानुजन एखादाच, हे मलाही कळते. परंतु त्यांनी जे केले ते करावयास अलौकिक बुद्धी लागत नाही. ज्याला पत्र लिहावयाचे त्याचे काम समजून घेणे, आणि आपले केलेले काम त्याच्यापुढे ठेवणे, इतकेच ते आहे. आता आपण त्या पतसंस्थेच्या अर्जाकडे परत जाऊ. त्या मुलीने असे लिहिले असते तर?

"महोदय, आपल्या संस्थेतील कनिष्ठ लिपिक पदाची जाहिरात वाचून हा अर्ज करीत आहे. गेली सहा वर्षे मी आमच्या गावातील तीन महिला बचतगटांचे हिशेब लिहिते. तिन्ही गटांत मिळून ३४ सभासद आहेत. प्रत्येकीची मासिक बचत, गटांतर्गत कर्ज, व्याज व परतफेड यांच्या नोंदी मी ठेवते आणि महिनाअखेरीस रोजकीर्दीतील शिल्लक बँकेच्या पासबुकाशी ताडून पाहते. गटांना कर्ज देताना बँकेने हेच दप्तर तपासले होते. मी वाणिज्य शाखेची पदवीधर असून संगणकावर मराठी टंकलेखन करू शकते. हिशेबाच्या संगणकप्रणालीवर मी अद्याप काम केलेले नाही. ते शिकून घेण्याची माझी तयारी आहे. आवश्यक वाटल्यास गटांच्या संमतीने दप्तर मुलाखतीच्या वेळी दाखविता येईल."

या पत्रात प्रामाणिक, कष्टाळू, होतकरू यांपैकी एकही विशेषण नाही. तरी ही मुलगी प्रामाणिक आहे असे वाचणाऱ्याला वाटल्यावाचून राहत नाही. कारण सहा वर्षे तीन गटांनी तिच्या हाती दप्तर दिले. जे येत नाही तेही तिने सांगितले आहे. पुष्कळांना हे आवडत नाही. आपली उणीव आपण कशाला दाखवावी, असे ते म्हणतात. माझा अनुभव उलट आहे. एक उणीव मोकळेपणाने कबूल करणाऱ्याच्या बाकीच्या दहा विधानांवर विश्वास बसतो. शिवाय ती उणीव मुलाखतीत पाच मिनिटांत उघडी पडणारच असते. दप्तर दाखविण्याबाबत "गटांच्या संमतीने" हे शब्द मी मुद्दाम घातले आहेत. दुसऱ्याच्या पैशाचे कागद परवानगीवाचून मिरविणाऱ्याला कोणतीही पतसंस्था जवळ करणार नाही.

आयटीआयमधून विजतंत्री झालेल्या मुलांनाही हेच लागू पडते. "मला कामाची आवड आहे" असे लिहिण्याऐवजी, सुटीत मोटार रिवाइंडिंगच्या दुकानात दोन उन्हाळे काम केले, पाच अश्वशक्तीपर्यंतच्या पाणबुडी मोटारी उघडून दुरुस्त करता येतात, असे लिहावे. गावच्या नळपाणी योजनेचा पंप बंद पडला तेव्हा कोणाला बोलावले होते? त्यालाच जर बोलावले असेल, तर ते पत्रात यावे. आपल्या खेड्यांतील मुले रिकामी बसलेली नसतात. यात्रेचा हिशेब, दूध संकलन केंद्रावरील मोजमाप, धाकट्या वर्गांच्या शिकवण्या, पिकांची नोंदणी, रेशनच्या रांगेतील अर्ज भरून देणे, अशी कितीतरी कामे ती करीत असतात. पगार मिळाला नाही म्हणून ती कामे नव्हेत, अशी समजूत आपणच त्यांची करून दिली आहे.

बाह्य गोष्टींबद्दल थोडक्यात. पत्र एका पानापेक्षा मोठे नसावे. जाहिरातीत पदाचे जे नाव असेल तेच, जसेच्या तसे लिहावे, आणि जाहिरात ज्या भाषेत असेल त्याच भाषेत पत्र लिहावे. मराठी जाहिरातीला मोडक्या इंग्रजीत उत्तर दिल्याने वजन वाढत नाही. आधार क्रमांक, बँक खाते, घरातील माणसांचे व्यवसाय यांपैकी काहीही मागितल्याखेरीज देऊ नये. ई-मेलने पाठवावयाचे असल्यास विषयाच्या ओळीत पदाचे व स्वतःचे नाव असावे. पत्र युनिकोडमध्ये टंकलिखित करून पीडीएफ करावे, कारण जुन्या फॉन्टमध्ये टंकलेले मराठी पत्र दुसऱ्याच्या संगणकावर उघडले की नुसती विचित्र चिन्हे दिसतात, आणि तेवढ्यावर अर्ज बाद झाल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. आणि अर्जाबरोबर कोणी 'नोंदणी शुल्क' किंवा 'अनामत' खासगी खात्यावर भरावयास सांगत असेल, तर ते पत्र पाठवूच नये. आधी त्या संस्थेच्या कार्यालयात जाऊन चौकशी करावी.

नमुन्याच्या पत्रांविषयी मला वेगळे बोलावयाचे आहे. पूर्वी मुले पत्रलेखनाच्या पुस्तकातून पत्र उतरून काढीत. मग झेरॉक्सच्या दुकानातील तयार पत्र आले. आता मोबाईलवर प्रश्न टाकला की कृत्रिम बुद्धिमत्ता अर्ध्या मिनिटात शुद्ध आणि गुळगुळीत पत्र लिहून देते. शुद्धलेखन तपासण्यासाठी तिचा उपयोग अवश्य करावा, त्यात लाज वाटण्याचे कारण नाही. परंतु तीन गटांचे हिशेब कोणी लिहिले, हे त्या यंत्राला ठाऊक नसते. न सांगता ते कसे कळणार? मग ते "उत्कृष्ट संवादकौशल्य" आणि "सांघिक भावना" यांनी रिकामी जागा भरून काढते. पुस्तकातल्या पत्रानेही हेच केले होते, फक्त तेथे "आज्ञाधारक" असा शब्द असे.

आता तो तिसरा दोष. त्या मुलीने नंतर सांगितले की, अर्ज लिहिण्यापूर्वी ती आपल्या जुन्या शिक्षकांकडे आणि पंचायतीच्या एका सदस्यांकडे गेली होती. दोघांनीही तिला मदत केली; मनापासून केली. एकांनी मजकूर सांगितला आणि तिने उतरून घेतला. दुसऱ्यांनी शिफारसपत्र दिले : "सदर मुलीस मी व्यक्तिशः ओळखतो, ती चांगल्या वर्तणुकीची आहे." ते शिफारसपत्र मी अर्जासोबत पाहिले होते. असली शिफारसपत्रे त्या गठ्ठ्यात चाळीस तरी असतील. तिला कोणीही विचारले नाही की, बाई, तू गेली सहा वर्षे काय करतेस?

आपल्याकडे मुले पत्र लिहून मागण्यासाठी येतात. तेव्हा लेखणी आपल्या हाती घेऊ नये, एवढीच माझी विनंती आहे. त्यांना जाहिरात मोठ्याने वाचावयास सांगावे. या जागेवरचा माणूस सकाळपासून संध्याकाळपर्यंत काय करत असेल, हे विचारावे. माहीत नसेल तर त्याच कामावर असलेल्या कोणाला तरी भेटून येण्यास सांगावे. मग, त्यातले तू यापूर्वी काय केले आहेस, कोठे, किती दिवस, आणि ते कोणी पाहिले आहे, हे विचारावे. ती बोलू लागली की तिचेच शब्द कागदावर येऊ द्यावेत. शुद्धलेखन नंतर पाहता येईल. शिफारसपत्र द्यावयाचे असेल तर आपण स्वतः पाहिलेले एक काम त्यात लिहावे, आणि पाहिलेले नसेल तर नम्रपणे नकार द्यावा. नकार देणे जड जाते, विशेषतः निवडणूक जवळ असली म्हणजे, हे मी जाणतो.

पाठविलेल्या पत्राची एक प्रत उमेदवाराने स्वतःजवळ ठेवावी आणि मुलाखतीस जाण्यापूर्वी ती वाचून जावी. समितीचे बहुतेक प्रश्न त्या पानावरूनच निघतात.

चहापानानंतरच्या सत्रात आपणांपैकी प्रत्येकास एक जाहिरात दिली जाईल. बाहेरच्या पडवीत गावोगावचे काही उमेदवार येऊन बसले आहेत. त्यांच्याशी दोघादोघांनी बसून बोलावे, आणि पहिली वीस मिनिटे कोणीही काही लिहू नये.